मासोळीवर बातमी फुकट

"मी खोटं सांगतली काय?" देवकाबाईनं विचारलं.

"खोटं कोन म्हणते? पण खरं तरी काऊन सांगतली?" प्रफुल म्हणाला.

सकाळपासून सुरू झालेलं भांडण चहा होईस्तोवर इथं येऊन पोचलं होतं. देवकाबाई अंगणात बसून झिंगे निवडत होती. तिचा मुलगा प्रफुल आंघोळीचा टॉवेल खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालत होता. आंघोळ मात्र केव्हाची राहून गेली होती. सून डिंपल चुलीपाशी नवऱ्याच्या बाजूनं उभी होती, म्हणजे अधूनमधून भांडी जोरात ठेवत होती. देवकाबाईचा नवरा इस्तारी भिंतीला टेकून जाळं विणत होता. बोलणाऱ्यांच्या घरात आयुष्य काढलेल्या माणसाला न ऐकण्याची जी कला साधते, ती त्याला साधली होती.

भांडण मंडईच्या जत्रेतल्या कबड्डीवरून होतं. दिवाळीनंतरच्या मंडईत आपल्या गावच्या, करंजटोल्याच्या, संघातून प्रफुल नवी निळी चड्डी घालून मैदानात उतरला, आणि पहिल्याच चढाईत दुसऱ्या बाजूच्या एका किडकिडीत पोरानं त्याचा घोटा धरला तो सोडलाच नाही. खेळात असं होतं. पण दुसऱ्या दिवशी देवकाबाईनं मोहटोला, धामनी, वडेगाव आणि सायटोला या चारही गावांत मासोळीबरोबर ती बातमी पोचवली. वर हेही सांगितलं, की पोरगा त्यानंतर दोन दिवस लंगडत होता, पण लंगडत होता तो फक्त लोकांसमोर.

"सायटोल्यात तरी नाई सांगाची होती," प्रफुल म्हणाला. "त्याच गावात आचलची सोयरीक करून राह्यलो आपन."

खरं दुखणं हे होतं. गेल्या आठवड्यात सायटोल्याची कलाबाई आपल्या मुलाला, भूपेशला, घेऊन आचलला पाहायला आली होती. आचल म्हणजे प्रफुलची धाकटी बहीण. सोबत दोन म्हातारे होते. प्रफुलनं पाहुण्यांना ऐटीत सांगितलं, की आपण संघाचे कप्तान आहोत. तेव्हा कलाबाईनं अगदी आपुलकीनं विचारलं, "आता घोट्याले बरं वाटते काय, बाबू?" म्हाताऱ्यांपैकी एकाचा चहा नाकातून बाहेर आला. पोहे झाले, चहा झाला, पाहुणे "कळवतो" म्हणून गेले, आणि त्यानंतर होकार नाही, नकार नाही, काहीच नाही.

"पाहून गेले त्याले किती दिस झाले!" प्रफुल म्हणाला. "कोन करन अशा घरात सोयरीक? माह्या घोट्याचं सांगतली. डिंपलच्या कुकरचं सांगतली. आचल लूना घेऊन बोडीच्या पाण्यात पडली तेही सांगतली. आता ठेवली काय सांगाचं?"

कुकरचं नाव निघताच डिंपलनं एक पातेलं खाली ठेवलं. माहेराहून आणलेल्या कुकरची शिट्टी उडून छपराच्या कवेलूतून बाहेर गेली होती आणि वरण आढ्याला लागलं होतं. देवकाबाईनं ही गोष्ट यंत्रांच्या बातमीत सांगितली होती, आणि धामनीच्या दोन बायकांनी त्या धसक्यानं आपापले कुकर माळ्यावर टाकले होते.

देवकाबाईनं झिंग्यांवर पाणी शिंपडलं. "दुसऱ्याच्या घरचं सांगतो त आपल्या घरचं कसं नाई सांगाचं? आपलं लपवली त लोक म्हनतीन, ही बाई चाळून सांगते. मंग भरोसा कोन ठेवन?"

"भरोसा कायले पाह्यजे? तू मासोळी विकते."

या वाक्यावर इस्तारीचाही हात जाळ्यावर क्षणभर थांबला.

प्रफुलनं मग आपला बेत सांगितला. तो बरेच दिवस मनात असावा, कारण न अडखळता आला. मायनं आता गावोगाव फिरायचं नाही. ब्रह्मपुरीच्या बाजारात छत्री लावून, बर्फाचा डबा घेऊन बसायचं. भाव सांगायचा, तोलायचं, द्यायचं. बोलायचं काम नाही. घरात मोबाईल यायचे दिवस आलेत, कोण कुठे पडलं हे सांगत बाईमाणसानं उन्हातान्हात हिंडणं शोभत नाही.

"बरं," देवकाबाई म्हणाली. "नाई जात."

तिनं निवडलेले झिंगे डिंपलकडे सरकवले, टोपलीखालची चुंबळ खुंटीला अडकवली आणि टोपली उचलून माळ्यावर टाकली. त्या घरात देवकाबाई आजवर कशालाच लगेच "बरं" म्हणाली नव्हती. त्यामुळे भांडण जिंकूनही प्रफुलला आंघोळीला जाताना काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं.

देवकाबाई या घरात लग्न होऊन आली तेव्हा इतकी बोलकी नव्हती, असं इस्तारी सांगतो. पण त्यानं हे आयुष्यात एकदाच सांगितलं आहे. तलावातली मासोळी इस्तारी धरायचा आणि नव्या सुनेनं ती गावोगाव विकायची, असा ढिवरांच्या घरचा रिवाज होता. पहिल्या दिवशी ती "मासोळी, मासोळी" असं ओरडत मोहटोल्यातून गेली, धामनीतून गेली, आणि टोपली जशीच्या तशी डोक्यावर. वडेगावच्या वेशीवर एका बाईनं तिला थांबवलं. मासोळी घ्यायला नव्हे. धामनीत दिलेली तिची बहीण बाळंत व्हायची होती. काही समजलं काय? देवकाबाईनं सकाळी त्याच घरापुढं थांबून आतलं रडणं ऐकलं होतं. "मुलगी झाली," ती म्हणाली. "आवाज बापावर गेला." बाईनं आनंदानं अर्धी टोपली घेतली आणि उरलेली शेजारणींना घ्यायला लावली. मासोळी सगळेच विकतात, हे देवकाबाईला त्या दिवशी समजलं.

तेव्हापासून तिची पद्धत ठरत गेली. अंगणात टोपली उतरवायची आणि बसता बसता एक अजब बातमी सांगायची. यजमानीण मासोळीच्या बदल्यात द्यायचं धान आणायला आत जाऊन परत येईपर्यंत ती अर्धवट ठेवायची. पायलीभर धान ओतून झालं की पुरी करायची. मग गावगाड्याच्या बातम्या, म्हणजे कोणाकडे पाहुणे आले, कोणाची विहीर आटली, कोणी नाटकाच्या रात्री सासऱ्याला ओळख दिली नाही. बाप्ये ऐकत असतील तर खेळ: बैलांच्या शर्यतीत, शंकरपटात, कोणाची जोडी पळाली, कोणाची जोडी पळता पळता चरायला गेली. सगळ्यात शेवटी यंत्रं. ब्रह्मपुरीत टावर उभं राहिलं तेव्हा तिनं ते खाली उभं राहून, मान मोडेस्तोवर पाहिलं आणि चारही गावांत सांगितलं, "लोखंडाचं ताड आहे. पण ताडी निघत नाई, आवाज निघते."

तिचे नियमही होते. डोळ्यांनी पाहिलं असेल तर "पाह्यली", ऐकलं असेल तर "म्हनतात". या दोन शब्दांची तिनं कधी अदलाबदल केली नाही. ज्या गावची बातमी, ती त्या गावात नाही सांगायची, पुढच्या गावात सांगायची. आणि आपल्या घरची बातमी कुठंच लपवायची नाही.

त्या हिवाळ्यात तर तिच्याकडे अशी बातमी होती, की मासोळी नको असलेल्या बायकासुद्धा तिची वाट पाहत. धामनीच्या शंकरपटात पहिल्या नंबराला मनगटी घड्याळ होतं. बक्षिसं पोलीस पाटलाच्या ओसरीवर मांडली होती. घड्याळ ठेवलेल्या ताटात कोणीतरी कोंडाही ठेवला, आणि पाटलाच्या म्हशीनं कोंड्याबरोबर घड्याळ गिळलं. जिंकलेला माणूस वडेगावचा. तो रोज सकाळी सायकलनं धामनीला येऊन म्हशीच्या मागं उभा राहू लागला. देवकाबाई जाईल त्या अंगणात पहिला प्रश्न एकच असायचा, "निघालं काय?"

"आजून नाई," ती सांगायची. "पाटील म्हनतात, पोटाले कान लावला त टिकटिक येते. मी नाई ऐकली."

बातम्यांबरोबर ती निरोपही नेई, आणि निरोपांत सगळ्यात मोठा होकाराचा. त्यांच्या समाजात मुलगी पाहून झाली की मुलाकडचे स्वतः होकार द्यायला जात नाहीत. गेले तर आपणच घायकुतीला आलोत असं दिसतं. तिसऱ्या माणसाच्या हातून हळद लावलेल्या तांदळाची पुरचुंडी जाते. पुरचुंडी आली की होकार. त्या चार गावांत वर्षानुवर्षं तो तिसरा माणूस देवकाबाईच होती. टोपलीच्या एका कोपऱ्यात, पळसाच्या पानात वेगळी बांधून, ती ही पुरचुंडी नेत असे. तिच्या पुरचुंडीनं झालेल्या लग्नांतले खण तिच्या पेटीत होते, आणि त्या लग्नांतल्या भांडणांच्या बातम्या पुढं तिनंच वाटल्या होत्या.

तर अशी बाई घरी बसली.

पहिल्या दिवशी तिनं घर सारवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सारवलं. मग ओट्यावर बसून रस्त्यानं येणाऱ्याजाणाऱ्याकडे पाहू लागली, पण करंजटोल्याच्या रस्त्यानं येणाऱ्या माणसांची बातमी करंजटोल्यात कोणाला सांगणार? डिंपलनं तिचं मन रमावं म्हणून टीव्ही लावला. देवकाबाईनं बातम्या शेवटपर्यंत पाहिल्या. बातम्या देणारा कोट घातलेला बाबू कुठल्याशा देशात पूल पडल्याचं सांगत होता.

"त्यानं पाह्यला काय?" तिनं विचारलं.

"तो कसा पाहन, आत्या? तो दिल्लीत बसला आहे."

"मंग 'म्हनतात' काऊन नाई म्हनत?"

डिंपलनं गाण्यांचा कार्यक्रम लावला.

टीव्हीत चित्र मात्र आता लख्ख दिसत होतं. पाहायला आला त्या दिवशी म्हातारे बोलत असताना भूपेश न बोलता उठला होता, बाहेर जाऊन बांबूवरचा अँटेना हातानं थोडा फिरवून आला होता, आणि इतकी वर्षं मुंग्या पाहणाऱ्या त्या घराला टीव्हीतल्या बाईच्या कानातले डूल दिसले होते. सायटोल्याच्या फाट्यावर त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. प्रफुलचं म्हणणं, हवेनंच अँटेना सरळ झाला. आचल मात्र दिवसातून दोनदा अंगणात जाऊन अँटेना हलला तर नाही ना, ते पाहून येई, आणि पाहताना नजर अँटेनावरून सायटोल्याच्या वाटेकडे जाई.

देवकाबाईला ते दिसत होतं. बातमी होती, आणि तीही डोळ्यांनी पाहिलेली. पण सांगायला जायचं बंद होतं.

सगळ्यात वाईट हाल इस्तारीचे झाले. रोज संध्याकाळी देवकाबाई फेरीवरून येई, पाय धुई आणि जेवताना चारही गावं त्याच्यासमोर मांडी. तो "हूं" म्हणे. आता जेवताना फक्त भात चावल्याचा आवाज येत होता. तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी त्यानं घास हातात धरून विचारलं, "त्या घड्याळीचं का झालं?"

"मले का माहीत?" देवकाबाई म्हणाली.

इस्तारीनं घास खाली ठेवला आणि मुलाकडे पाहिलं. प्रफुल ताटात पाहत होता. बर्फाचा डबा सोमवारी येणार होता. सोमवार येऊन गेला होता.

त्यानंतरच्या एका दुपारी चैतूची जीप चिंचेखाली येऊन थांबली. ब्रह्मपुरी ते सायटोला सवाऱ्या नेणारा हा माणूस. आत जितके मावतात त्याहून थोडे जास्त नेई, आणि टपावर जितके बसतात त्याहून थोडे कमी. सासुरवाडीला न्यायला त्याला मरळ पाहिजे होती. इस्तारीनं हौदातून मासोळी काढेपर्यंत तो ओट्यावर बसला आणि देवकाबाईकडे भूत दिसल्यासारखा पाहू लागला.

"तुम्ही त ठीक दिसून राह्यल्या, बाई," तो म्हणाला.

"मले काय झालं?"

तेव्हा चैतूनं एकेक गाव सांगितलं. मोहटोल्यात बोलत होते, की देवकाबाईच्या हाताला मांगूर मासा चावला आणि हात सुजून खांबासारखा झाला. धामनीत पक्की खबर होती, की ती निवडणुकीला उभी राहणार आणि म्हणून आतापासूनच बोलणं बंद केलं. वडेगावात तर दोन पक्ष पडले होते. एक म्हणत होता लॉटरी लागली, दुसरा म्हणत होता इस्तारीनं बोलणं सुरू केलं म्हणून ती धक्क्यानं पडली.

देवकाबाईनं कपाळावर हात मारला. ती आजारी पडली नव्हती, पण ती नसताना चार गावांच्या बातम्यांचे हे हाल झालेले ऐकून पडायची वेळ आली होती. "अन् घड्याळ?"

"निघालं म्हनतात. अन् टाइम बरोबर होता म्हनतात."

"तू पाह्यला?"

"नाई."

"मंग नाई निघालं," देवकाबाई म्हणाली.

आचल दारामागं उभी होती. तिच्या पैंजणाचा आवाज झाला आणि थांबला. देवकाबाईनं तो ऐकला आणि जे विचारायचं होतं ते विचारलं, "अन् सायटोला?"

सायटोल्यात कोणी काही बोलत नाही, चैतू म्हणाला. आणि मग इकडेतिकडे पाहून, आवाज खाली आणून तो बोलला. कलाबाईनं पाहून गेल्याच्या दुसऱ्या दिवशीच हळदीचे तांदूळ पुरचुंडीत बांधले होते. रोज सकाळी ती पुरचुंडी घेऊन अंगणात बसे. देवकाबाई मासोळी घेऊन येईल, तिच्याच हातात देऊ म्हणून. देवकाबाई येईना. आता पुरचुंडी आत कोनाड्यात गेली होती.

घरात कोणाच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. वर्षानुवर्षं सगळ्यांचे होकार नेणारी बाईच घरी बसवली, तर तिच्या घरचा होकार कोण आणणार?

"मंग तुह्याजवळ काऊन नाई देल्ली?" देवकाबाईनं विचारलं.

चैतू जरा ओशाळला. मागं त्यानं धामनीला द्यायचा होकार चुकून वडेगावात नेऊन दिला होता. दोन घरं अजून एकमेकांच्या दारात जात नव्हती. "माह्या हाती आता कोनी कोथिंबीरही देत नाई, बाई. अन् गोष्ट तेवढीच नाई. मोबाईलची आहे."

"कोनता मोबाईल?"

"प्रफुलभाऊचा."

मोबाईल देवकाबाईनंही पाहिला होता. पाहुणे बसल्यावर ती चहा घेऊन आली, तेव्हा प्रफुलच्या खिशातून तो डोकं वर काढून होता. दर थोड्या वेळानं प्रफुल तो काढायचा, कानाला लावायचा, "रेंज नाई" म्हणायचा आणि परत ठेवायचा. पाठीवर चिकटपट्टी होती आणि तिच्यावर पोपटाचं चित्र. देवकाबाईच्या मनात आलं होतं, हे काय आणि कोणाचं? पण पाहुण्यांसमोर पोटच्या पोराला तसं कसं विचारणार? रात्री विचारलं तेव्हा समजलं. ब्रह्मपुरीत ठेकेदाराकडे कामाला असलेल्या इसरूचा फोन होता. एक दिवसासाठी मागून आणलेला. सकाळी परत गेला. एवढी बातमी तिनं पोटात ठेवली होती. बाकी सगळं सांगितलं, हे तेवढं सांगितलं नाही. सायटोल्याची त्यानंतरची एक फेरी तिनं केली नव्हती असंही नाही. केली होती. पण कलाबाईच्या अंगणाच्या आधीच्या वळणावरून परतली होती, झिंगे संपले असं स्वतःला सांगून.

"ती चिकटपट्टी भूपेशनंच लावली होती," चैतू म्हणाला. "इसरूचा फोन त्याच्याच दुकानात आला होता, पाण्यात पडला तवा. पोपटही त्यानंच चिपकवला. पाहताच वळखला."

दारामागं पैंजण पुन्हा वाजलं.

"मंग कलाबाई का म्हनते?"

"कलाबाई म्हनते, मांगून आणला त आणला, पोरं आणतातच. पण देवकाबाई आपल्या घरचं सगळं सांगते. येऊन हे सांगते काय ते पाहू. सांगतली त तांदूळ तिच्या हातात. अन् नाई आली, त मंग आजपर्यंत सांगतलेल्यातलं किती लपवलेलं होतं, देव जाने." चैतूनं मरळ पिशवीत टाकली. "असं ती म्हनते. मी पाह्यलो. म्हंजे समोर उभा राहून ऐकलो."

संध्याकाळी दिवेलागणीला सगळे ओसरीवर जमले. चैतूनं जाता जाता जीप प्रफुलच्या शेजारी उभी करून त्यालाही थोडं सांगितलेलं दिसत होतं, कारण घरी आल्या आल्या तो पाय धुवायला गेला, जे तो कधी करत नसे.

मग त्यानं तोडगे काढायला सुरुवात केली. पहिला तोडगा, आपण खरोखरच मोबाईल घेऊ, म्हणजे खोटं उरणारच नाही. यावर डिंपलनंच विचारलं, तो चालवायला रोज टावरखाली जाऊन बसायचं काय? दुसरा तोडगा, इसरूनं तो आपल्याला वापरायला दिला होता असं सांगायचं. तिसरा, माय सायटोल्याला जाईल, पण मोबाईलचा विषय कोणी काढलाच तर "म्हनतात" म्हणेल.

"मी पाह्यली आहे," देवकाबाई म्हणाली. "म्हनतात कशी म्हनू?"

प्रफुलनं बापाकडे पाहिलं. इस्तारीनं जाळ्याची गाठ मारली, दातानं सूत तोडलं आणि म्हणाला, "घोटा त सगळ्यांना माहीतच आहे." त्या घरात ते भाषणच झालं. डिंपल तोंडाला पदर लावून आत गेली आणि आतून तिचं हसणं ऐकू आलं.

प्रफुल चिडला. चार गावांत आपली काय इज्जत राहील, असं तो म्हणाला. कबड्डीत पडलो ते वेगळं, दुसऱ्याची वस्तू मिरवली ते वेगळं. पुढच्या मंडईत लोक मैदानात पोपट म्हणून हाका मारतील. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच भांडण नव्हतं, खरी भीती होती, आणि देवकाबाईला ती समजली. पोर तिचंच होतं. बहिणीसमोर, पाहुण्यांसमोर घर थोडं मोठं दिसावं म्हणून त्यानं तो फोन खिशात घालून आणला होता. त्याचा हात तिनं धरला असता, तर त्यानं सोडवून घेतला असता, म्हणून तिनं धरला नाही.

इतका वेळ आचल कंदिलाची काच पुसत बसली होती. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

"तो फोन पाहून ते हासले होते," ती म्हणाली. कोणाकडे न पाहता, भूपेशचं नाव न घेता म्हणाली. "मी पाह्यली. मले वाटलं, मले पाहून हासले."

देवकाबाईनं मुलीकडे पाहिलं आणि मग माळ्याकडे. एवढ्या वर्षांत तिनं सांगितलेल्या एकाही बातमीनं कोणाचं लग्न अडलं नव्हतं. अडलं ते न सांगितलेल्या बातमीनं, आणि तेही तिच्याच पोरीचं. इतकी बातमी एका पोपटाच्या चित्राखाली लपवून ठेवली आणि तीसुद्धा कोणापासून, तर ज्यानं ते चित्र चिकटवलं त्याच्यापासून. दुसऱ्या कोणाच्या घरी असं झालं असतं, तर ही बातमी तिनं म्हशीच्या घड्याळाआधी सांगितली असती.

ती उठली. खुंटीवरची चुंबळ काढून तिनं झटकली. तिच्यातून एक पाल पडली आणि भिंतीवर पळाली.

"माय, थांब न थोडी," प्रफुल म्हणाला. "सकाळी बोलू."

"सकाळी मी घरी नाई राहत," देवकाबाई म्हणाली. "उद्या फेरी उलटी. पह्यलं सायटोला. कलाबाईच्या आंगनात बसून सांगीन, की मोबाईल इसरूचा होता, एक दिवसासाठी मांगून आणला होता, अन् मले माहीत असून मी सांगतली नाई. मंग वडेगावात सांगीन, मंग धामनीत. धामनीत म्हशीचं मी सोता पाहून येईन. बाजारात मी बसत नाई. आचलचे बाबा, पहाटे झिंगे काढा. प्रफुल, माळ्यावरची टोपली खाली घे."